हद्दीबाहेरचे श्रोते : बुऱ्हाणपूरची मराठी आणि आकाशवाणीच्या लहरी

लालबागेतील आमच्या जुन्या घरात रेडिओ ठेवण्याची एक लाकडी फळी होती आणि त्या फळीवर खडूने ओढलेल्या दोन रेघा होत्या. संच एका रेघेवर ठेवला की जळगाव लागे. पाव वळसा देऊन दुसरीवर ठेवला की इंदूर लागे. ट्रान्झिस्टरच्या पोटात फेराइटची एक कांडी असते आणि तिच्या आडव्या अंगावर येणाऱ्या लहरीच ती नीट पकडते, हे शास्त्र आम्हांस पुष्कळ उशिरा कळले. घरातल्या माणसांना एवढेच ठाऊक होते, की एका रेघेवर मराठी आहे आणि दुसरीवर हिंदी. बुऱ्हाणपूरहून जळगाव सरळ रेषेत पाऊणशे किलोमीटरच्या थोडे पुढे, नैर्ऋत्येस. इंदूर एकशे साठ किलोमीटर, उत्तरेस. रेघा वडिलांनी ओढलेल्या. आई दर दिवाळीला फळी पुसून काढी आणि वडील त्या पुन्हा ओढत.

त्या पहिल्या रेघेवरची मराठी कोणासाठी बोलली जात होती, हा प्रश्न तेव्हा मनात आला नाही. वकिली करू लागल्यावर तो आला आणि अजून सुटलेला नाही. ती आमच्यासाठी नव्हती. जळगाव केंद्र जळगाव परिसरासाठी, मुंबई-पुण्याची केंद्रे महाराष्ट्रासाठी. आम्ही मध्य प्रदेशाचे रहिवासी. शेजारच्या शेतात सोडलेले पाणी बांधाखालून पाझरावे, तसे आमच्या वाट्याला जे येई ते येई. निपाणी-चिकोडीकडील वाचकांच्या फळीवरची रेघ सांगलीकडे असेल, बिदर-भालकीकडील वाचकांची परभणीकडे, गोष्ट एकच. या पाझरावर सीमेपलीकडच्या मराठीच्या दोन-तीन पिढ्या पोसल्या गेल्या. आता ध्वनिप्रक्षेपण डिजिटल होत असताना हा पाझर टिकेल की आटेल, हे ठरण्याची वेळ आली आहे. म्हणून त्याचा इतिहास एकदा मांडून ठेवावा, असे आम्हांस वाटते.

प्रथम आमच्या सीमेविषयी, कारण येथे बाहेरच्या वाचकांचा नेहमी गोंधळ होतो. बुऱ्हाणपूर आणि रावेर यांच्यामधली रेघ १९५६ साली ओढली गेलेली नाही. ती इंग्रजी अमदानीतलीच आहे. रावेर मुंबई इलाख्याच्या पूर्व खानदेशात होते, बुऱ्हाणपूर मध्य प्रांताच्या निमाड जिल्ह्यात. बदलले ते रेघेमागचे राज्य. मध्य प्रांत व वऱ्हाडाची, आणि स्वातंत्र्यानंतर जुन्या मध्य प्रदेशाची, राजधानी नागपूर होती. १९५० च्या राजभाषा कायद्याने त्या राज्यात हिंदी आणि मराठी या दोन्ही राजभाषा होत्या. आकाशवाणीचे नागपूर केंद्र १६ जुलै १९४८ रोजी सुरू झाले ते याच राज्याच्या राजधानीत. म्हणजे नागपूरहून बोलली जाणारी मराठी ही तेव्हा बुऱ्हाणपूरच्या माणसाच्या स्वतःच्या राज्याची वाणी होती. आमचे आजोबा कचेरीबाहेर बसणारे अर्जनवीस. त्यांच्या जपून ठेवलेल्या दप्तरात नागपूर उच्च न्यायालयाचे शिक्के असलेले कागद आजही आहेत. १ नोव्हेंबर १९५६ रोजी राज्य पुनर्रचना अमलात आली. विदर्भाचे आठ जिल्हे द्विभाषिक मुंबई राज्यात गेले, आमची राजधानी भोपाळ झाली आणि उच्च न्यायालय जबलपूरला गेले. आम्ही जागचे हललो नव्हतो. नागपूर परराज्यात गेले होते.

त्या काळी मराठी ऐकणारा समाज किती सत्तांखाली विखुरला होता, हे आज लक्षात येत नाही. औरंगाबादचे रेडिओ केंद्र मूळ निजामाच्या राज्याचे. ते हैदराबाद केंद्राबरोबर १ एप्रिल १९५० रोजी आकाशवाणीकडे आले. पुणे केंद्र २ ऑक्टोबर १९५३ चे. त्या केंद्रावरून १ एप्रिल १९५५ पासून वर्षभर ग. दि. माडगूळकर आणि सुधीर फडके यांच्या गीतरामायणाची छप्पन्न गीते प्रसारित झाली. त्या वर्षी मराठी श्रोते मुंबई राज्यात होते, नागपूर राजधानी असलेल्या मध्य प्रदेशात होते, हैदराबाद राज्यात होते आणि पोर्तुगिजांच्या गोव्यातही होते. मालिका १९५६ च्या एप्रिलात संपली आणि त्यानंतर सात महिन्यांच्या आत यांतील बहुतेकांचे राज्य बदलले.

आता कायद्याकडे वळू. तो आमचा पेशाच आहे. ऐकणे ही सर्वांत निरुपद्रवी कृती, तरी राज्यसंस्थेने तिच्याकडे नेहमी संशयाने पाहिले. आपल्याकडे १९३३ च्या बिनतारी तारायंत्र कायद्याने परवान्यावाचून संच बाळगणे हाच अपराध ठरवला होता. एकोणीसशे ऐंशीच्या दशकाच्या मध्यापर्यंत दरवर्षी टपाल कचेरीत जाऊन शुल्क भरावे लागे आणि परवान्याच्या पुस्तिकेत तिकीट डकवून घ्यावे लागे. (तो कायदा आता २०२३ च्या दूरसंचार कायद्यात विरला.) परंतु एक गोष्ट इंग्रजी कायद्याच्या बाजूने सांगितली पाहिजे : संच आहे की नाही एवढेच ते पुस्तक विचारी, त्यावर कोणते गाव लावता हे विचारीत नसे. जर्मनीत हेही विचारले गेले. १ सप्टेंबर १९३९ रोजी, पोलंडवर चढाई झाली त्याच दिवशी, नाझी सरकारने परकीय केंद्रे ऐकणे हा गुन्हा केला. ऐकलेले पसरविणाऱ्यास मृत्युदंडापर्यंत शिक्षेची तरतूद केली. महायुद्ध संपल्यावर, १० डिसेंबर १९४८ रोजी, संयुक्त राष्ट्रांनी मानवी हक्कांचा जाहीरनामा स्वीकारला, त्याच्या एकोणिसाव्या अनुच्छेदात माहिती मिळविण्याचा आणि स्वीकारण्याचा हक्क सरहद्दींची पर्वा न करता मान्य केला आहे. आपल्या राज्यघटनेतही भाषणस्वातंत्र्य एकोणिसाव्याच अनुच्छेदात आहे. मात्र सरहद्दीचा तो शब्द तेथे नाही. सर्वोच्च न्यायालयाने ९ फेब्रुवारी १९९५ रोजी क्रिकेट असोसिएशन ऑफ बंगालच्या खटल्यात हवेतील लहरी ही सार्वजनिक मालमत्ता असल्याचे सांगितले, तेव्हा पीठावर न्या. पी. बी. सावंत होते. मालमत्ता सार्वजनिक ठरली. ती वाटायची कशी, हा प्रश्न राहिला.

मराठीला सरहद्द ओलांडून येण्याची सवय मात्र या सर्वांच्या आधीची आहे. १ मार्च १९४२ रोजी बीबीसीने लंडनहून लघुलहरींवर मराठी प्रक्षेपण सुरू केले. ते १९५८ च्या डिसेंबरपर्यंत चालले. वेणू चितळे त्या काळात लंडनमध्ये बीबीसीच्या पौर्वात्य विभागात काम करीत होत्या आणि त्याच विभागात जॉर्ज ऑर्वेलही होते. त्याच काळात जर्मनीतून नेताजींचे आझाद हिंद रेडिओ केंद्र ज्या भारतीय भाषांतून बातम्या देत होते, त्यांत मराठीही होती. मुंबईत उषा मेहता आणि त्यांचे सहकारी २७ ऑगस्ट १९४२ पासून गुप्त काँग्रेस रेडिओ चालवीत होते आणि १२ नोव्हेंबरला पकडले गेले. एकाच वर्षी एकाच भाषेला दोन शत्रुराष्ट्रे आर्जवाने बोलावीत होती. पुढे १९५८ साली लंडनची मराठी थांबली ती पुन्हा सुरू झाली २ ऑक्टोबर २०१७ रोजी, इंटरनेटवर.

आमच्या विषयाला सर्वांत जवळचे उदाहरण गोव्याचे. २५ नोव्हेंबर १९५५ रोजी सावंतवाडीजवळ आंबोलीच्या रानातून ‘व्हॉइस ऑफ फ्रीडम’ हे केंद्र बोलू लागले. वामन सरदेसाई आणि लिबिया लोबो हे तरुण तेथे लपून राहिले आणि पोर्तुगीज व कोंकणी भाषांतून गोव्याच्या आतील माणसांशी बोलत राहिले. पुढे ते केंद्र कॅसलरॉकला हलले. पणजीत सरकारचे अधिकृत केंद्र होते, ‘एमिसोरा द गोवा’. म्हणजे एका बाजूला राजधानीतले केंद्र आणि दुसऱ्या बाजूला सह्याद्रीच्या झाडीतला एक प्रक्षेपक. मध्ये तेव्हाची आंतरराष्ट्रीय सरहद्द. डिसेंबर १९६१ पर्यंत हे चालले, आणि गोवा मुक्त झाल्याची वार्ता याच दोघांनी विमानातून ध्वनिवर्धकावर सांगितली. ही कथा वीरकथा म्हणून सांगितली जाते, ते योग्यच आहे. आम्हांस तिच्यातील एक साधी बाब महत्त्वाची वाटते : ही सारी व्यवस्था सरहद्दीपलीकडच्या श्रोत्यासाठी हेतुपूर्वक केलेली होती. तो पाझर नव्हता, पाट होता.

श्रोता स्वतः सरहद्द ओलांडतो, तेही आपण पाहिले आहे. १९५२ साली बा. वि. केसकर नभोवाणी मंत्री झाले आणि आकाशवाणीवरून चित्रपटगीते जवळजवळ नाहीशी झाली. पुण्यात जन्मलेले, शास्त्रीय संगीताचे मर्मज्ञ गृहस्थ. हेतूबद्दल शंका नाही. पण देशाने शास्त्रीय संगीताकडे वळण्याऐवजी तबकडी रेडिओ सिलोनकडे वळवली. आकाशवाणीला ३ ऑक्टोबर १९५७ रोजी विविध भारती सुरू करावी लागली, ती या वळलेल्या तबकड्यांमुळे. ऐकणाऱ्याला जे हवे ते देशात मिळाले नाही, तर तो समुद्रापलीकडून आणतो. अर्थात सिलोनला तेवढा ताकदवान प्रक्षेपक होता, म्हणून.

आमच्याकडे मराठी येई ती मध्यम लहरींवर, आणि तिचे येणे निसर्गाच्या हाती होते. दिवसा या लहरी जमिनीलगत सरकतात. तापी खोऱ्याची काळी जमीन त्यांना मानवते आणि खोरे पश्चिमेकडे रावेर, भुसावळपर्यंत मोकळे आहे. म्हणून जळगाव दिवसभर येई. मुंबई सव्वाचारशे किलोमीटर दूर. ती दिवसा क्वचितच. सूर्य मावळला, की आयनांबराचा सर्वांत खालचा, लहरी शोषून घेणारा थर विरतो आणि वरच्या थरांवर आपटून लहरी शेकडो किलोमीटर पलीकडे उतरतात. रात्री आठनंतर मुंबई लाटेसारखी येई : दोन मिनिटे स्वच्छ, मग बुडे, मग कोठलेतरी दुसरे केंद्र तिच्या अंगावर चढे. भाषणाचा मधला भाग गेला तर आम्ही तो अंदाजाने भरून काढीत असू. जिनिव्हा येथे १९७५ साली झालेल्या करारानुसार २३ नोव्हेंबर १९७८ रोजी मध्यम लहरींची केंद्रे नऊ-नऊ किलोहर्ट्झच्या अंतरावर नव्याने बसवली गेली. मुंबईचे ५५८ आणि १०४४, पुण्याचे ७९२ : कोणत्याही आकड्याला नवाने भाग जातो तो यामुळे. त्या सकाळी तबकडीवरची गावे थोडी थोडी सरकलेली पाहून आमच्या आजीने संच बिघडला असा निर्णय दिला आणि दोन दिवस तो बंदच ठेवला.

एक विसंगती येथे नोंदवली पाहिजे. १८ मे १९८८ रोजी नागपूरजवळच्या एक हजार किलोवॉटच्या प्रक्षेपकावरून आकाशवाणीची राष्ट्रीय वाहिनी रात्रीच्या प्रक्षेपणासाठी सुरू झाली. १५६६ किलोहर्ट्झवर ती रात्री बहुतेक देशभर ऐकू जाई. आमच्याकडे तर शेजारच्या खोलीतून बोलावे तशी. मराठी भूमीवरचा हा सर्वांत बलाढ्य मनोरा मराठी बोलत नव्हता. कार्यक्रम दिल्लीचे, भाषा प्रामुख्याने हिंदी आणि इंग्रजी. वाहिनी राष्ट्रीय होती, तेव्हा तक्रार करण्यासारखे त्यात काही नाही. पण एक हजार किलोवॉट नागपुरात असले म्हणजे काय होऊ शकते, हे आम्ही तीस वर्षे ऐकले. २०१८ अखेरीस ती वाहिनी बंद करण्यात आली.

या पाझराने आम्हांला काय दिले, असे कोणी विचारील. गाणी दिली, ‘सात वाजून पाच मिनिटे’ म्हणत पुण्याच्या प्रादेशिक बातम्या दिल्या, हे झालेच. भाषेच्या दृष्टीने मोठी देणगी वेगळीच आहे. घरातली मराठी आम्हांला आईकडून मिळाली. पण घरात कोणी ‘अर्थसंकल्प’ म्हणत नाही, ‘अधिवेशन’, ‘पर्जन्यमान’, ‘अतिवृष्टी’ म्हणत नाही. शाळा हिंदी, कचेरी हिंदी. शेताच्या उताऱ्याला आमच्याकडे खसरा म्हणतात आणि तो पटवारी देतो; सातबारा आणि तलाठी हे शब्द आम्ही रेडिओवरच्या शेतकऱ्यांच्या कार्यक्रमात ऐकले. सार्वजनिक जीवनाची मराठी आम्हांला केवळ लहरींवरून मिळाली.

ती मिळाली नसती तर काय झाले असते, ते आम्ही न्यायालयात रोज पाहतो. जानेवारी १९८२ मध्ये बॅ. अ. र. अंतुले यांनी मुख्यमंत्रिपदाचा राजीनामा दिल्याची बातमी जळगाव केंद्रावरून आली. आजोबा संचाशेजारी बसले होते. त्यांनी मान वर करून विचारले, “राजीनामा? कोणाशी केला?” आमच्या कचेऱ्यांत राजीनामा म्हणजे दोन पक्षांनी केलेली तडजोड. शब्द दोन्हीकडे एकच, राजी असल्याचा लेख या अर्थाचा; महाराष्ट्रात तो पद सोडण्यावर गेला, आमच्याकडे वाद सोडण्यावर राहिला. आजोबांची शंका चुकीची नव्हती, पण त्या रात्री त्यांनी नवा अर्थ शिकला, तोही मराठीतूनच. ‘आपत्ति’ हिंदीत हरकत, मराठीत संकट. ‘शिक्षा’ हिंदीत शिक्षण, मराठीत दंड. आमच्या वकीलमंडळीत एक गोष्ट सांगतात : मराठीभाषक शेतकरी साक्षीदाराला विचारले, “शिक्षा कहाँ तक हुई है?” आणि तो छाती पुढे काढून म्हणाला, “एकदाही नाही साहेब.” हसावे अशी गोष्ट आहे. पण जबाब लिहून घेणारा आणि जबाब देणारा यांच्यात असा एखादा शब्द बसला, तर कोणाची तरी जमीन जाऊ शकते. आमचा हिंदीशी काही वाद नाही; आमचे पोट हिंदीवर आहे. दोन भाषांचे शेजारी शब्द ओळखू यायला दोन्ही भाषा कानांवर पडाव्या लागतात, एवढेच आमचे म्हणणे.

आता डिजिटलविषयी. मध्यम आणि लघुलहरींसाठी जी डिजिटल पद्धत जगभर ठरली तिचे नाव डिजिटल रेडिओ माँडियाल, म्हणजेच डीआरएम. १९९८ साली त्यासाठी प्रसारकांची आणि उत्पादकांची संघटना झाली. २००३ पासून नियमित प्रक्षेपण होऊ लागले. नव किलोहर्ट्झच्या त्याच जुन्या पट्टीत, एका लहरीऐवजी अनेक बारीक लहरींवर, आवाज आकड्यांच्या रूपात वाटून पाठवतात. वीज कमी लागते, खरखर नसते, आणि आवाजाबरोबर अक्षरेही पाठवता येतात. भारताने ही पद्धत स्वीकारली आणि आकाशवाणीने पस्तीसच्या आसपास मध्यम लहरी प्रक्षेपक तिच्यासाठी सिद्ध केले. जुने संच मात्र ती ऐकू शकत नाहीत. नवा संच महाग आहे आणि बुऱ्हाणपूरच्या बाजारात मिळत नाही. काही नव्या मोटारींत तो कारखान्यातूनच बसून येतो.

या पद्धतीचा एक स्वभाव सीमेवरच्या माणसाने ध्यानात घ्यावा. जुना आवाज दूर गेला की क्षीण होत जाई. खरखरीतूनही बातमी ओळखता येई, आणि आम्ही आयुष्यभर तेच केले. डिजिटल आवाज क्षीण होत नाही. लहर पुरेशी आली तर समोर बसल्यासारखा स्वच्छ, थोडी उणी पडली तर पूर्ण शांतता. अर्धवट मराठी आता मिळणार नाही. कड्यावरून एक पाऊल पुढे टाकावे, तसा तो संपतो. तेव्हा प्रक्षेपकाची ताकद ठरविताना हिशेब कोणापर्यंत करायचा, यावर सारे अवलंबून आहे. आणि हा हिशेब माणसे करतात, आयनांबर नव्हे.

तो हिशेब सरहद्दीपलीकडे करता येतो याचा पुरावा याच देशात आहे. २३ ऑगस्ट २०१६ रोजी तेव्हाचे राष्ट्रपती प्रणव मुखर्जी यांच्या हस्ते कोलकात्यात ‘आकाशवाणी मैत्री’ ही बंगाली वाहिनी सुरू झाली. हुगळी जिल्ह्यातील चिनसुरा येथील एक हजार किलोवॉटचा डीआरएम प्रक्षेपक, ५९४ किलोहर्ट्झ. श्रोते पश्चिम बंगालचे आणि बांगलादेशचे. एका भाषेचे दोन देशांतले लोक एकाच मनोऱ्याखाली आणायचे, हे तिचे उघड उद्दिष्ट होते. गंमत अशी, की आंतरराष्ट्रीय रेडिओ नियमांत मध्यम लहरींच्या केंद्रांनी स्वतःच्या देशाच्या सरहद्दीत चांगली सेवा देण्यास लागेल त्याहून अधिक शक्ती तत्त्वतः वापरू नये, असे म्हटले आहे. ‘तत्त्वतः’ या शब्दात जगभरचे प्रसारक आरामात राहतात. आम्ही मैत्री वाहिनीवर टीका करीत नाही. उलट तिचे कौतुक वाटते. परदेशातील बंगाली माणसासाठी सरकार डिजिटल लहरींचा पाट काढू शकते. आम्ही तर परदेशातही नाही. लालबागेपासून महाराष्ट्राची हद्द सायकलने गाठता येते. आमच्यासाठी मराठीचा पाट काढायला कोणत्याही शेजारी राष्ट्राशी बोलणी करावी लागणार नाहीत. जिनिव्हाही मध्ये येणार नाही.

कायद्याचा आधारही आहे. प्रसार भारती कायदा १९९० चा, अमलात आला १५ सप्टेंबर १९९७ रोजी. त्याच्या बाराव्या कलमात महामंडळाची कर्तव्ये सांगितली आहेत. देशातील विविध भाषा-संस्कृतींना पुरेसे स्थान देणे त्यांत आहे, आणि प्रत्येक राज्यात ‘त्या राज्याच्या भाषांमधून’ प्रादेशिक प्रक्षेपण पोहोचविण्याची सोय करणे हेही आहे. भाषांमधून, अनेकवचन कायदेमंडळाने लिहिले आहे. बुऱ्हाणपूर, बैतूल, छिंदवाडा, बालाघाट येथील मराठी ही मध्य प्रदेशाच्या भाषांपैकी एक आहे की नाही, हा वाद एवढ्या एका प्रत्ययावर उभा करता येतो. काही वर्षांपूर्वी आम्ही एका प्रसारण कार्यालयाकडे माहिती मागितली होती, की सीमेपलीकडच्या मराठी वस्तीचा विचार सेवाक्षेत्र आखताना होतो काय. उत्तर एका ओळीचे आले : आपले ठिकाण राज्याबाहेर असल्याने प्रश्न या कार्यालयाशी संबंधित नाही. मग आम्ही आमच्या राज्यातल्या कार्यालयाला तेच विचारले. तेथून कळले, की मराठीचा विषय त्यांच्याकडे नाही. दोन्ही उत्तरे नियमानुसार बरोबर आहेत, आणि दोन्ही आम्ही एकाच पाकिटात ठेवली आहेत.

येथे आमचे तरुण वाचक म्हणतील, की भ्रमणध्वनीवर आकाशवाणीचे ॲप आहे, त्यात देशातले कोणतेही केंद्र लागते. मग मनोऱ्यांचा हा शोक कशासाठी? आक्षेप खरा आहे. आम्ही स्वतः सकाळी पुण्याच्या बातम्या आता ॲपवरच ऐकतो आणि त्या खडूच्या रेघेवरच्यापेक्षा दहापट स्वच्छ येतात. परंतु ॲपवर मराठी शोधावी लागते, आणि जो शोधतो त्याला ती आधीच येत असते. लालबागेतल्या यंत्रमागाच्या खोलीत एक संच चालू असे आणि धोट्याच्या खडखडाटात आठ-दहा जण तो ऐकत. त्यांतल्या निम्म्यांनी मराठी मागितलेली नसे. ती कानांवर पडे. आमच्या नातवंडांच्या वयाची मुले मराठी मागणार नाहीत, कारण काय मागायचे हे त्यांना माहीत नाही. दुसरीकडे मध्यम लहरींचे जुने प्रक्षेपक ठिकठिकाणी बंद होत आहेत आणि भर एफएमवर आहे. एफएमच्या लहरी दृष्टीच्या टप्प्यात चालतात. सातपुडा आमच्या उत्तरेस, अजिंठ्याचे डोंगर दक्षिणेस, आणि टप्पा शहराच्या हिशेबाने आखलेला. सीमेवरचे गाव त्या वर्तुळात आले तर योगायोग.

गेल्या हिवाळ्यात पुण्याचा आमचा भाचा त्याची नवी मोटार घेऊन आला. तिच्यात डीआरएमचा संच होता. त्याने तो कधी लावलाच नव्हता. संध्याकाळी साडेसातच्या सुमारास रेल्वे स्थानकाबाहेर आम्ही दोघे गाडीत बसून मध्यम लहरींवर शोधत राहिलो. बऱ्याच वेळाने पडद्यावर एका मराठी केंद्राचे नाव उमटले. “मामा, नाव आलं, आवाज का येत नाही?” भाच्याने विचारले. नाव अधिक बळकट लहरींवर पाठवतात, आवाज नाजूक लहरींवर. लहर उणी पडली की नाव तेवढे पोहोचते. हे आम्ही त्याला सांगितले आणि गाडी रावेरच्या दिशेने काढायला लावली. दर दोन किलोमीटरवर थांबून वेळ आणि ठिकाण टिपून घेत होतो. चौथ्या थांब्यावर, केळीच्या बागेशेजारी, आवाज एकदम आला. हवामानाचा अंदाज चालू होता. धुळे, नंदुरबार, जळगाव अशी नावे स्वच्छ ऐकू आली. जळगावानंतर निवेदक थांबला आणि पुढे काही ऐकू आले नाही. वेळ टिपली : सात वाजून त्रेपन्न मिनिटे.